टर्बो कुठला, पंप कुठला: ट्रकच्या डिझेल इंजिनवरचे पार्ट नळीवरून ओळखा

उसाची गाडी कारखान्याच्या वाटेवर चढाला दम टाकते, मागं काळा धूर. ड्रायव्हर फोनवर सांगतो, "चढ घेईना गेलीय, टर्बो गेलाय वाटतं." मालक दुकानाला फोन लावून टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) मागवतो. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल येतं आणि बसवताना कळतं की फ्लँजची, म्हणजे जोडाच्या चपट्या कडेची, भोकं जुळत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे सगळं जुळतं, टर्बो बसतो आणि धूर तसाच राहतो, कारण फाटलेला असतो तो इंटरकूलरचा (टर्बोनं दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी होज. हंगामात गाडी दोन दिवस उभी राहिली की किती खेपा बुडतात ते ज्याचं त्याला माहीत.

पहिली चूक होते पार्टचा नंबर न बघितल्यानं, दुसरी पार्टच न ओळखल्यानं. मेकॅनिक तुम्ही स्वतः नसलात तरी इंजिनसमोर उभं राहून "हा टर्बो, हा पंप, हा रेल, ही रिटर्न नळी" एवढं बोट दाखवून सांगता आलं पाहिजे. ते कसं जमवायचं, ते खाली.

आकारावर जाऊ नका

टाटा, लेलँड, आयशर, भारतबेंझ, प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही टर्बो एकीकडं वर, तर दुसरीकडं खाली दडलेला असतो. म्हणून "गोगलगायीसारखा दिसतो तो टर्बो" एवढ्यावर थांबलात तर फसाल. इंजिनवर चार वाटा असतात: हवेची, धुराची, ऑइलची आणि डिझेलची. पाचवी पाण्याची, ती इथं बहुतेक वेळा फक्त चकवायला येते. कुठलाही पार्ट ओळखायचा तर त्यात कुठली नळी जाते आणि त्यातून कुठली निघते एवढंच विचारायचं. आकार बदलतो, नळीचं काम बदलत नाही.

सोबत टॉर्च, कोरडं फडकं, डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं, छोटा आरसा, खडू किंवा पांढरा मार्कर आणि फोनचा कॅमेरा घ्या. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, इंजिन बंद. केबिन उचलायची असेल तर पूर्ण शेवटापर्यंत उचला आणि लॉक बसला का ते डोळ्यानं बघा. अर्धवट उचललेल्या केबिनखाली डोकं घालू नका. केबिनमधली पाण्याची कॅन, जॅक, स्टोव्ह आधी बाहेर काढा. केबिन उलटली की हे सगळं पुढच्या काचेवर येऊन आदळतं.

भर उन्हात लातूरहून नांदेडला माल टाकून आलेल्या गाडीचा टर्बो अर्ध्या तासानंही हात भाजू शकतो. कॉमन रेलची (एकाच जाड पाइपातून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारी) गाडी असेल तर इंजिन बंद केल्यावर किमान १० मिनिटं डिझेलच्या स्टीलच्या नळ्यांना पाना लावायचा नाही. गाडीच्या पुस्तकात जास्त वेळ दिला असेल तर तेवढा थांबा. इंजिन चालू असताना तर कधीच नाही. जुन्या गाडीत चालू इंजिनवर एकेक नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचा) नट ढिला करून "कुठला सिलिंडर मारत नाही" बघायची सवय अनेकांना आहे. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार हवा असते, कॉमन रेलमध्ये १६०० ते २००० बार डिझेल. ती धार कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, आत हात सडतो. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल प्रेशरनं आत गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर हातानं नाही, पुठ्ठा धरून.

गरम बाजू आणि डिझेलची बाजू

बहुतेक ट्रक इंजिनांत एका अंगाला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो असतो, दुसऱ्या अंगाला पंप, फिल्टर आणि डिझेलच्या नळ्या. डिझेल गरम लोखंडापासून लांब राहावं म्हणून. टाटाच्या बऱ्याच गाड्यांवर आलेल्या कमिन्स ६बीटी या ५.९ लिटरच्या इंजिनवर ही विभागणी अगदी स्वच्छ दिसते. शिकायला ते इंजिन फार चांगलं. तांबूस गंजलेलं, खरखरीत बिडाचं लोखंड दिसेल ती गरम बाजू. आधी ती ठरवा, म्हणजे अर्ध्या चुका तिथंच थांबतात.

आता मॅनिफोल्डवरून चाला. प्रत्येक सिलिंडरमधून निघालेला धूर मॅनिफोल्डमध्ये एकत्र होतो आणि जिथं जातो ती टर्बोची टर्बाइन बाजू. ती बिडाची, तांबडी-करडी, जड. तिच्या मधल्या तोंडातून निघालेली जाड नळी सायलेन्सरकडं जाते. बहुधा गोल पट्टीच्या व्ही-क्लॅम्पनं बांधलेली. टर्बाइनला चिकटून दुसऱ्या बाजूला चांदीसारखा पांढरट अ‍ॅल्युमिनियमचा शंख दिसतो, ती कंप्रेसर बाजू. तिच्या मधल्या तोंडात एअर फिल्टरकडून आलेला मोठा होज बसतो, आणि शंखाच्या शेपटातून निघालेली नळी इंटरकूलरला जाते. दोन्हींच्या मधला जो छोटा बिडाचा भाग, त्याला कोर किंवा कार्ट्रिज म्हणतात. शाफ्ट आणि बेअरिंग त्यात असतात. शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो, म्हणून टर्बोचं सगळं आयुष्य त्याच्या ऑइलवर आहे.

ऑइलच्या दोन नळ्या नीट बघा. वरून येणारी बारीक, पेन्सिलीएवढी, ती फीड; ऑइल फिल्टरच्या हेडमधून किंवा ब्लॉकमधून येते. खालून निघणारी अंगठ्यापेक्षा जाड, ती ड्रेन. ब्लॉकमध्ये किंवा चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरते. ड्रेन जाड का? कारण आत प्रेशरनं आलेलं ऑइल फेस होऊन बाहेर पडतं आणि नुसतं वजनानं खाली ओघळतं. त्या नळीला मोड पडला, ती दबली, किंवा पॅकिंगवर सिलिकॉनचा थर लावून तोंड अर्धं बुजवलं, की ऑइल कोरमध्ये तुंबतं आणि सीलमधून सायलेन्सरमध्ये किंवा इंटरकूलरमध्ये जातं. मग "नवा टर्बोपण ऑइल खातोय" म्हणून दुकानदाराशी भांडण. टर्बोचं सील रबराचं नसतं, पिस्टनच्या रिंगसारखी धातूची बारीक रिंग असते. ती दोन्हीकडच्या प्रेशरच्या भरवशावर ऑइल अडवते. म्हणूनच एअर फिल्टर चोक असेल, ड्रेन तुंबली असेल किंवा इंजिनचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) फुंकत असेल तर चांगला टर्बोही ऑइल टाकतो.

टर्बोच्या अंगावर डबीसारखा एक भाग असतो, त्यातून दांडी निघून टर्बाइनच्या लिव्हरला जोडलेली. हा वेस्टगेटचा अ‍ॅक्च्युएटर. डबीत येणारा बारीक होज टर्बोच्या कंप्रेसर बाजूवरूनच निघतो. बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचं प्रेशर) वाढला की तोच बूस्ट दांडी ढकलतो, आतली झडप उघडते आणि थोडा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. दांडी उघडी अडकली तर बूस्ट बनत नाही, गाडी ओढत नाही. होज फाटला किंवा डबीतला पडदा गेला तर उलट: झडप उघडतच नाही, बूस्ट हद्दीबाहेर जातो आणि भार इंजिनवर पडतो. दांडी हलते का बघायला अनेक जण गाडीच्या ब्रेकची हवा डबीत सोडतात. ती ८-१० बारची. पडदा तिथंच फाटतो. रेग्युलेटर लावून हळूहळू वाढवा. बहुतेक डब्या १ ते २ बारच्या दरम्यान हलायला लागतात.

डबीऐवजी वायरचा मोठा कनेक्टर असलेला चौकोनी मोटरसारखा भाग दिसला तर टर्बो बहुधा व्हीजीटी आहे, म्हणजे टर्बाइनभोवतीची पाती आत हलून धुराचं तोंड लहान-मोठं करणारा. हा अ‍ॅक्च्युएटर बदलल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरनं शिकवावा लागतो. खोलून साफ करून तसाच बसवला तर चेक लाइट जात नाही.

सहा सिलिंडरच्या इंजिनवर टर्बाइनच्या तोंडाचा फ्लँज बघितलात तर बहुधा दोन भोकं दिसतील, मध्ये भिंत. १-२-३ आणि ४-५-६ सिलिंडरचा धूर वेगवेगळा आत यावा म्हणून. एका भोकाचा टर्बो आणि दोन भोकांचा टर्बो बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात. नवा मागवताना फ्लँजच्या पॅकिंगचाच फोटो पाठवा.

हवेच्या वाटेवर

कंप्रेसरच्या शेपटातून निघालेली नळी पकडा. ती गाडीच्या पुढं, रेडिएटरच्या समोर बसलेल्या चपट्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीत जाते. तो इंटरकूलर. रेडिएटरला पाण्याचे होज आणि टाकी, इंटरकूलरला दोन्हीकडं फक्त हवेच्या जाड नळ्या. तिथून दुसरी नळी इनटेक मॅनिफोल्डला येते. हवेची वाट इथं संपते.

या वाटेवर बूस्टचं प्रेशर साधारण १ ते २ बार असतं, आणि बहुतेक "टर्बो गेला" च्या तक्रारी इथल्या होजवर आणि क्लिपांवर सुटतात. होज वरून चांगला दिसतो, फाटतो तो खालून, जिथं चेसिसच्या पट्टीला घासतो. होजभोवती तेलकट धुळीचा पट्टा असेल तर हवा तिथून सुटतेय. बोटानं पुसून बघा: ताजं, ओलसर असेल तर आजची गळती. इंटरकूलरच्या आत ऑइलचा पातळ थर असणं नेहमीचं आहे. वाटीभर निघालं तर नाही.

आपल्याकडचा खास त्रास वेगळाच. परभणी, जालना, बीडच्या जिनिंगवर कापूस भरणाऱ्या गाड्यांच्या इंटरकूलरवर सरकीच्या बारीक तंतूंची गादी बसते. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या फटीत तर ती पुढून दिसतच नाही. मग उन्हाळ्यात गाडी तापते, पिकअप पडतो, आणि दोष टर्बोवर जातो. हवा मारायची ती इंजिनच्या बाजूनं पुढं, उलट दिशेनं, आणि पात्या वाकणार नाहीत एवढ्याच प्रेशरनं.

एअर फिल्टरच्या डब्याखाली रबराची चोच असते, धूळ सोडायला. ती कडक झाली किंवा तुटली तर काळ्या मातीची धूळ फिल्टरवर दुप्पट येते. फिल्टरनंतरचा होज फाटला तर ती थेट टर्बोत. फिल्टरकडचा होज काढून कंप्रेसरच्या चाकाच्या पात्या टॉर्चनं बघा. कडा करवतीसारख्या झिजल्या असतील तर धुळीनं खाल्ल्यात. एखादी पाती वाकली किंवा तुटली असेल तर काहीतरी कडक आत गेलंय: नट, क्लिपचा तुकडा, फडकं. तो तुकडा पुढं इंटरकूलरमध्ये बसलेला असतो. तो न काढता नवा टर्बो चालू केलात तर पुढचा घास इंजिनचा.

तिथंच, इंजिन थंड असताना, शाफ्टचा प्लेही बघून घ्या. चाक वर-खाली हलवलं तर थोडं हलणार, कारण बेअरिंग ऑइलवर तरंगणारी आहे. कोरड्या, बंद टर्बोचा हा प्ले बघून नवीन मेकॅनिक हमखास घाबरतात. चाक बाजूला दाबून फिरवलं तर शंखाच्या आतल्या भिंतीला घासता कामा नये, आणि आत-बाहेर ओढल्यावर बोटाला प्ले जाणवता कामा नये. तो जाणवला की थ्रस्ट बेअरिंग गेली.

टर्बोसारखे दिसणारे तिऱ्हाईत

एक्झॉस्ट ब्रेक: टर्बोच्या पुढं सायलेन्सरच्या नळीत फुलपाखरासारखी झडप आणि तिला दांडीचा सिलिंडर. वेस्टगेटची डबी समजून लोक तो बदलतात. त्याला येणारी नळी ब्रेकच्या हवेच्या टाकीकडून येते, नायलॉनची. वेस्टगेटची टर्बोच्याच अंगावरून. एवढा फरक पुरे.

ईजीआर: मॅनिफोल्डवरून निघालेली धुराची नळी एका लांबट डब्यातून (त्याला पाण्याचे होज असतात) परत इनटेककडं येते. धूर इनटेकला परत जाताना दिसला की ईजीआर.

ब्रेकचा एअर कंप्रेसर: हा तर बोलण्यातच घोळ घालतो. टर्बोलाही कंप्रेसर बाजू असते, पण दुकानात "कंप्रेसरचं किट द्या" म्हणालात तर ब्रेकच्या कंप्रेसरचंच किट हातात पडेल. तो गिअरवर चालणारा, डोक्यावर बाहेर जाणाऱ्या हवेची गरम नळी असलेला. तो हवा ओढतो ती अनेक गाड्यांत एअर फिल्टरनंतरच्या पाइपातूनच. ती बारीक नळी सुटली की टर्बोतही धूळ जाते. तीही एकदा चाचपून घ्या.

डिझेलची वाट: आधी नळ्या मोजा

आता दुसऱ्या अंगाला या. इथं एकच प्रश्न आधी सोडवायचा: पंप जुना की कॉमन रेल? पंपावरून निघणाऱ्या बारीक, कडक स्टीलच्या नळ्या मोजा. जितके सिलिंडर तितक्या नळ्या असतील आणि प्रत्येक थेट नोझलला जात असेल तर जुना मेकॅनिकल पंप. एकच किंवा दोनच नळ्या निघून एका जाड दांड्यासारख्या पाइपात जात असतील आणि तिथून सगळ्या सिलिंडरना वाटल्या जात असतील तर कॉमन रेल. तो जाड पाइप म्हणजेच रेल.

गाडीच्या सालावरून अंदाज येतो, खात्री नाही. धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम म्हणजे बीएस; ट्रकसाठी देशभर बीएस-३ आलं २०१० मध्ये, बीएस-४ १ एप्रिल २०१७ पासून, बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. बीएस-४ पासून बहुतेक गाड्या कॉमन रेलवर गेल्या, पण अशोक लेलँडच्या आयईजीआरवाल्या (थोडा धूर इंजिनच्या आतच परत घेणाऱ्या) बीएस-४ गाड्यांवर इनलाइन पंपच दिसतो. म्हणून नळ्याच मोजा.

पंपापर्यंतची वाट दोन्हींत साधारण सारखी. टाकीतल्या जाळीतून डिझेल निघतं, चेसिसवरच्या पहिल्या फिल्टरला येतं. त्याच्या खाली पाणी काढायची चावी किंवा पारदर्शक वाटी असते, डोक्यावर बहुधा हातानं दाबायचा प्रायमर. तिथून फीड पंप, मग इंजिनवरचा दुसरा, बारीक जाळीचा फिल्टर, मग मोठा पंप. ऑइल फिल्टरही तसाच डबा असतो. तो ब्लॉकवर थेट बसतो, आणि डिझेल फिल्टरच्या हेडला बँजो बोल्टच्या (पोकळ, ज्यातून डिझेल जातं अशा बोल्टच्या) किंवा क्लिपच्या बारीक नळ्या असतात. हा फरक ध्यानात ठेवा.

टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढणारी आहे. तिथं चीर पडली तर डिझेल गळत नाही, हवा आत जाते. सकाळी गाडी दहा सेल्फ घेते, मग दिवसभर चांगली चालते, आणि खाली थेंब नाही: दोष इथं. फीड पंपाच्या पुढं मात्र प्रेशर आहे, तिथली चीर ओली दिसते. बँजोखालचे तांब्याचे वायसर एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत. किंमत चहाएवढी, तरी तेच जुने घालायचा मोह कुणाला आवरत नाही.

हंगामात फडावर किंवा साइटवर बॅरलमधून डिझेल भरणाऱ्यांनी पहिल्या फिल्टरची चावी रोज सकाळी, सेल्फ मारायच्या आधी उघडायची. रात्रभर उभ्या गाडीत पाणी तळाला बसलेलं असतं, पहिल्या धारेत निघतं. कॉमन रेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच. पाणी गेलं की आत गंज, आणि मग दुरुस्तीचा आकडा विचारू नका.

जुना पंप

इनलाइन पंप लांबट, वर एका ओळीत सहा किंवा चार नळ्या. आपल्याकडं अजूनही त्याला माइको पंप म्हणतात. माइको कंपनीचं नाव बॉश होऊन २००८ पासून इतकी वर्षं झाली तरी. वर ज्यातून नळी निघते तो डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर, त्याखाली आत एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारा प्लंजर. एका टोकाला गिअर किंवा कपलिंग, दुसऱ्या टोकाला फुगीर डबा, तो इंजिनचे फेरे ताब्यात ठेवणारा गव्हर्नर. अ‍ॅक्सिलरेटरचा लिव्हर तिथंच. पंपाच्या पोटाला चिकटलेला, हातानं दाबायची मूठ असलेला छोटा भाग म्हणजे फीड पंप. पंपाला इंजिन ऑइलची एक बारीक नळीही येते. तिच्याकडं दुर्लक्ष होतं. ती डिझेलची नाही.

गव्हर्नरच्या डोक्यावर चपटी डबी आणि तिला इनटेक मॅनिफोल्डवरून आलेली बारीक नळी दिसली तर तो एलडीए. टर्बो आणि पंप यांची गाठ इथं पडते. बूस्ट आला की एलडीए पंपाला जास्त डिझेल सोडू देतो. ही नळी तुटली, बँजोत काजळी बसली किंवा आतला पडदा फाटला तर पंप डिझेल वाढवत नाही: धूर नाही, आवाज नाही, नुसती ताकद कमी. वेस्टगेटच्या होजशी याची गल्लत होते. वेस्टगेटचा होज गरम बाजूवर, टर्बोच्या अंगाशी. एलडीएची नळी पंपाच्या डोक्यावर. आणि ताकद कमी म्हणून एलडीएचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणारे महाभाग प्रत्येक नाक्यावर आहेत. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर आणि तापलेला टर्बाइन.

रोटरी पंप आखूड, गोल. मागच्या डोक्यावर नळ्या वर्तुळात. लहान इंजिनांवर जास्त. त्याला वंगण डिझेलचंच.

नळ्या सिलिंडरच्या ओळीनं जोडलेल्या दिसल्या तरी काढताना प्रत्येकीवर खडूनं नंबर घाला. रोटरीत तर वर्तुळातली जागा बघून सिलिंडर सांगता येत नाही. फायरिंग सहा सिलिंडरला सहसा १-५-३-६-२-४, चारला १-३-४-२. नळ्या समान लांबीच्या असतात, म्हणून काही उगाच वळसे घेतलेल्या दिसतात. त्या वळशांना "सरळ" करू नका.

नोझल हेडमध्ये बसलेले, प्रत्येकाला एक जाड नळी येते आणि सगळ्यांना जोडत जाणारी एक बारीक रिटर्न, उरलेलं डिझेल परत नेणारी. उघडण्याचं प्रेशर इंजिनप्रमाणे साधारण २०० ते २६० बार; आकडा पुस्तकातला घ्यायचा, शेजारच्या गाडीचा नाही.

कॉमन रेलवर काय शोधाल

हाय प्रेशर पंप आखूड, गठ्ठ्यासारखा. बॉशचा सीपी३ तीन पिस्टनचा, म्हणून तीन बाजूंना उंचवटे दिसतात, मागं बहुधा गिअरचा फीड पंप चिकटलेला. मोठ्या इंजिनांवर दोन प्लंजर शेजारी-शेजारी असलेला सीपीएन२ मिळेल. पंपावर दोन पिनांचा कनेक्टर असलेला छोटा दंडगोल शोधा, तो मीटरिंग युनिट. किती डिझेल दाबायचं ते तो ठरवतो. त्यात कचरा गेला की प्रेशर वर-खाली होतं, गाडी हिसके देते, आणि बिल मात्र अख्ख्या पंपाचं लावलं जातं. ते आधी बघायला सांगा.

रेलच्या एका टोकाला तीन वायरींचा सेन्सर, तो रेल प्रेशर सेन्सर. दुसऱ्या टोकाला जाड नटासारखा भाग आणि त्यातून रिटर्नची नळी निघत असेल तर तो प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्ह. त्याच जागी वायर असलेला भाग असेल तर रेग्युलेटर. सेन्सर आणि व्हॉल्व्ह यांची अदलाबदल बोलताना रोज होते. ज्यातून डिझेल परत जातं तो व्हॉल्व्ह, ज्यातून फक्त वायर निघते तो सेन्सर.

इंजेक्टरच्या डोक्यावर वायर असते, हीच खूण. कमिन्स आयएसबीईसारख्या इंजिनांत मात्र वरून इंजेक्टर दिसतच नाहीत. ते टॅपेट कव्हरखाली असतात, आणि रेलची नळी हेडच्या बाजूनं एका कनेक्टरवाटे आत जाते. तिथं नळीचा नट खोलून इंजेक्टर काढायला जाल तर आधी तो कनेक्टर बाहेर काढा, नाहीतर इंजेक्टरचं तोंड चिरडतं. इंजेक्टरच्या वायरीत चालू इंजिनवर साध्या बॅटरीपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज असतं. कनेक्टर चालू गाडीत ओढू नका.

अनेक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं-आकड्यांचा बारीक कोड असतो. तो त्या एका इंजेक्टरचा असतो, मॉडेलचा नाही. काढण्याआधी कुठल्या सिलिंडरवर कुठला कोड ते फोटो काढून लिहून ठेवा. अदलाबदल झाली किंवा नवा टाकला की कोड स्कॅनरनं ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. न भरता गाडी चालू होते, म्हणून लोक तसंच सोडतात; मग थरथर आणि धूर.

बीएस-६ गाडीवर सायलेन्सरकडं आणखी दोन नळ्या भेटतील. निळ्या झाकणाच्या टाकीकडून येणारी युरियाची, म्हणजे डीईएफची. जोडाजवळ पांढरी खारी साचलेली दिसली की तीच. आणि काही गाड्यांत धुराच्या नळीवर डिझेल फवारणारा एक वेगळा इंजेक्टर, धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला. त्याला सातवा सिलिंडर समजू नका. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं पाणी. शेतातल्या गोणीतला युरिया निमकोटेड असतो. तो विरघळवून ओतला की डोझर (डीईएफ फवारणारा भाग) चोक होणार हे ठरलेलं.

पाटी वाचा, मगच फोन लावा

टर्बोची पाटी कंप्रेसरच्या शंखावर किंवा कोरवर असते, तेलकट धुळीखाली. तारेच्या ब्रशनं घासू नका, बारीक कोरलेले आकडे पुसले जातात. डिझेलचं फडकं चालतं. होलसेट कंपनीच्या टर्बोवर सात आकडी असेंब्ली नंबर आणि एचएक्स३५डब्ल्यू असा टाइप लिहिलेला असतो. शेवटचा डब्ल्यू म्हणजे वेस्टगेटवाला. गॅरेटचा सहा आकडे, मग रेघ, मग शेपटीचा नंबर अशा मांडणीचा. शेपटी सोडून सांगू नका. केकेके किंवा बोर्गवॉर्नरचा लांबलचक ११ आकडी, बहुधा ५३ नं सुरू.

बॉशचे नंबर सुरुवातीवरूनच बोलतात: ०४४५१२० ट्रकचा कॉमन रेल इंजेक्टर, ०४४५११० लहान गाडीचा, ०४४५०२० ट्रकचा हाय प्रेशर पंप, ०९२८४०० मीटरिंग युनिट. म्हणजे दुकानदारानं ०४४५११० काढून "हाच बसतो" म्हटलं तर आधी जुन्यावरचा नंबर दाखवा. डेन्सोचा इंजेक्टर ०९५००० नं सुरू होतो, एचपी३ पंप २९४००० नं. भारतात बनलेल्या बॉशच्या पार्टवर एफ००२ सारखी अक्षरं पुढं असू शकतात, त्यावरून डुप्लिकेट समजू नका.

कमिन्स असेल तर इंजिनच्या पाटीवरचे ईएसएन (इंजिनचा सीरियल नंबर) आणि सीपीएल (त्या इंजिनच्या पार्टांच्या यादीचा नंबर) हे दोन्ही द्या. सीपीएलवरून त्या इंजिनला कुठला टर्बो, कुठला पंप लागतो ते कंपनीच्या यादीत निघतं. बाकीच्यांना चेसिस नंबर आणि इंजिन नंबर.

नंबर पुसला असेल तर फोटो असे काढा: फ्लँज समोरून, स्केल लावून; दोन्ही ऑइल नळ्यांची तोंडं; वेस्टगेटचा ब्रॅकेट; आणि संपूर्ण टर्बो गाडीवर असतानाच बाजूनं. शेवटचा फोटो सगळ्यात कामाचा, कारण कोरच्या मानानं दोन्ही शंख किती कोनात फिरवले आहेत ते त्यातच दिसतं. नंबर बरोबर असूनही कोन वेगळा आला तर ऑइलची ड्रेन तिरपी बसते. काढण्याआधी खडूनं तीनही भागांवरून एक सरळ रेघ ओढून ठेवा, आणि जुना टर्बो बदल्यात देण्याआधी नवा त्याच्या शेजारी ठेवून ती रेघ जुळते का ते बघा.